बाहुलीला श्वास नसतो

सकाळी साडेआठ
कुर्डुवाडीहून माढ्याला येताना गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकते. गळीत हंगामात हे रोजचंच. आज आशाताईंचं उजळणी प्रशिक्षण. पिशवीत झोळीचा काटा, थर्मामीटर, घड्याळ, बाहुली. स्लाइड्सचा पेनड्राइव्हही आहे, पण तो शक्यतो काढायचा नाही.

साडेदहा
दहाची वेळ, आत्ता कुठे सगळ्या जमल्या. कुणी स्वयंपाक उरकून, कुणी डाळिंबाच्या बागेतला रोज बुडवून आलेली. आल्याआल्या कोरा कागद देते : मागच्या वेळचं आठवेल ते लिहा, वही बंद. “मॅडम, परीक्षाच की ही!” मार्क नाहीत म्हटल्यावर पेनं चालू होतात.
रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग मांडला. उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं; आठवड्यानं मात्र वही मिटून आठवून लिहिणारे पुढे निघाले. आपल्याकडच्या हॉलमध्ये माना डोलतात, त्या पहिल्या पाच मिनिटांतल्या.

बारा
श्वास मोजणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरला, तर पुन्हा मोजायचा. पुन्हा तेवढाच आला, तर दवाखाना गाठायचा. हे सगळ्यांना पाठ. पण बाहुलीला श्वास नसतो. म्हणून बाळंतिणींना विचारून चौघी-चौघींना वॉर्डात नेते. एकजण अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करते आणि फसते, कारण तान्हं बाळ मध्येच थांबतं, मग भराभर श्वास घेतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात जुन्या आशाताई म्हणतात, “आधी दुपटं बाजूला कर. पोट दिसू दे. रडतंय तोवर मोजू नको.” मी गप्प बसते. माझ्यापेक्षा त्यांचं लवकर पटतं.

दीड
भाकरी, शेंगाचटणी. वजन केलं तर दृष्ट लागते म्हणणाऱ्या सासूचं काय करायचं? “काटा तिच्याच हातात द्यायचा.” हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तीन
नोंदवह्या, ऑनलाइन माहिती, सह्या. सांगण्यासारखं काही नाही.

साडेचार
गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बायांनाच नवजात बाळाची काळजी शिकवली, 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि 2011 पासून घरभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जायचं. बाळाची तपासणी होते, तसा आशेचा हातही दर भेटीत पक्का होतो. अडचण लहान वस्तीवरच्या आशेची : तिथं महिनोन्‌महिने पाळणा हलत नाही, आणि शिकलेलं विसरतं.

साडेपाच
अहवालात हजेरीच्या आकड्याखाली दोन मागण्या लिहिते. अशा वस्त्यांवरच्या आशांना महिन्यातून एकदा प्रसूती वॉर्डात पाठवा. आणि नोंदींसाठी दुसरा दिवस ठेवा, उजळणीचा नको.