डेटामधल्या रिकाम्या जागा: सरासरी टाकून मोकळं होण्याआधी

आर या प्रोग्रॅमिंग भाषेत एखादी डेटा फाइल उघडली की कुठे ना कुठे 'एनए' दिसतोच. एनए म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मोजलं आणि शून्य निघालं. एनए म्हणजे आकडाच हातात नाही. त्यामुळे कॉलममध्ये एक जरी एनए असेल, तरी मीन फंक्शन उत्तर म्हणून एनएच देतं. 'एनए डॉट आरएम' हा पर्याय ट्रू केला की ते रिकाम्या जागा वगळून सरासरी काढतं. इथपर्यंत सोपं आहे. प्रश्न येतो तो या जागा भरायच्या ठरवल्यावर.

उदाहरणासाठी आरसोबतच मिळणारा 'एअरक्वालिटी' हा डेटा घेऊ. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. न्यूयॉर्कमधल्या हवेच्या 1973 सालच्या मे ते सप्टेंबरच्या नोंदी आहेत, एकूण 153 दिवस. ओझोनच्या कॉलममध्ये 37 जागा रिकाम्या, सूर्यप्रकाशाच्या कॉलममध्ये 7. एनए असलेल्या सगळ्या ओळी काढून टाकल्या तर 111 दिवसच उरतात. म्हणजे पाव भागाहून जास्त डेटा गेला.

मग बहुतेक जण करतात ते आपणही करून पाहू: 'इफएल्स' आणि 'इज डॉट एनए' वापरून प्रत्येक रिकाम्या जागी सरासरी टाकायची. एका ओळीचं काम. ओझोनची सरासरी 42.1 आहे, ती भरल्यावरही 42.1च राहते, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण प्रमाण विचलन 33 वरून 28.7 वर येतं. 37 दिवस अगदी एकसारखे झाल्यामुळे हवा होती त्यापेक्षा स्थिर दिसायला लागते.

महिन्यांप्रमाणे बघितलं की खरी गडबड कळते. मोजलेल्या दिवसांची सरासरी मे महिन्यात साधारण 24, तर जुलैत 59. दोन्हीकडे 42 टाकणं म्हणजे थंड दिवस वर ओढायचे आणि उकाड्याचे खाली. जूनची अवस्था सगळ्यात वाईट: 30 पैकी 21 दिवस रिकामे! उरलेल्या 9 दिवसांची सरासरी 29 आहे; 42 भरल्यावर जूनचा आकडा 38 होतो, तोही एकही नवं मोजमाप न करता. सरासरीऐवजी मध्यक (इथे 31.5) घेतला तरी मूळ दुखणं तेच.

त्यापेक्षा तापमानाची मदत घेणं शहाणपणाचं. तापमान आणि ओझोन यांचा सहसंबंध 0.7च्या आसपास आहे आणि तापमानाच्या कॉलममध्ये एकही एनए नाही. 'एलएम' फंक्शनने तापमानावरून ओझोनचा अंदाज काढता येतो. पण 5 मे बघा. त्या दिवशी तापमान 56 फॅरेनहाइट, ओझोन रिकामा. सरळ रेषेचं सूत्र सांगतं: ओझोन उणे 11. हवेत उणे ओझोन कसा असेल? सूत्राला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

'माइस' हे पॅकेज इथे कामाला येतं. आकड्यांच्या कॉलमसाठी त्याची ठरलेली पद्धत आहे 'पीएमएम'. रिकाम्या दिवसाचा अंदाज काढायचा, ज्यांचा अंदाज त्याच्या जवळपास येतो असे मोजलेले काही दिवस शोधायचे आणि त्यातल्या एकाचा खरा आकडा उसना घ्यायचा. उसना आकडा कुणीतरी मोजलेलाच असल्याने उणे ओझोनचा प्रश्नच येत नाही.

शिवाय माइस एक नाही, पाच भरलेले डेटासेट देतं. गणित पाचांवर वेगवेगळं करायचं (त्यासाठी 'विथ') आणि उत्तरं 'पूल'ने एकत्र करायची. हे एकत्रीकरण डोनाल्ड रुबिन यांच्या नियमांनी होतं. पाच उत्तरांत जितका फरक, तितकी तुमची खात्री कमी, आणि तो फरक निकालात दिसतो. नवखे लोक पाचांतला एकच डेटासेट उचलून पुढे जातात. मग एवढा खटाटोप केला कशाला?

एक गोष्ट मात्र माइसच्याही हातात नाही: आकडे गेले का? यंत्र अधूनमधून बंद पडलं असेल तर ठीक. पण ओझोन फार वाढल्यावरच यंत्र दगा देत असेल, तर नेमके मोठे आकडेच गायब असतील आणि उरलेल्यांवरून ते कळणार नाहीत. ते मोजणाऱ्यालाच विचारावं लागतं. आणि काहीही भरण्याआधी 'इज डॉट एनए'चं उत्तर एका वेगळ्या कॉलममध्ये साठवून ठेवा. भरून झाल्यावर मोजलेला 42 कोणता आणि टाकलेला 42 कोणता, हे नुसतं बघून ओळखता येत नाही.