आइसलँडच्या वर्तुळमार्गावर

उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड हा देश आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम एक तृतीयांश आणि लोकवस्ती चार लाखांच्या आसपास. येथे रेल्वे नाही आणि राजधानी रेक्याविकच्या बाहेर बसगाड्याही मोजक्याच. त्यामुळे धबधबे, हिमनद्या व ज्वालामुखींचा हा प्रदेश सवडीने पाहायचा, तर भाड्याची मोटार घेऊन ती स्वतः चालवणे हाच सोयीचा मार्ग ठरतो.

या प्रवासाचा कणा म्हणजे देशाला वेढणारा 'रस्ता क्रमांक १'. सुमारे १,३२० किलोमीटरचे हे वर्तुळ १९७४ साली पूर्ण झाले. दक्षिणेकडील वाळूच्या सपाट मैदानात हिमनद्यांचे प्रवाह सतत पात्र बदलत असल्याने तेथे पूल बांधणे हेच सर्वांत अवघड काम होते. १९९६ मध्ये वात्नायोकुल या हिमस्तराखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला. वितळलेल्या पाण्याचा लोंढा काही आठवड्यांनी बाहेर पडला आणि त्याने रस्ता व पूल वाहून नेले. येथील रस्ता निसर्गाच्या मर्जीवर टिकून असतो, हे पर्यटकाने ध्यानी ठेवावे.

भारतीय चालकापुढे पहिली अडचण दिशेची. आइसलँडमध्येही वाहतूक डावीकडूनच होत असे. २६ मे १९६८ रोजी ती उजवीकडे नेण्यात आली. दुसरी अडचण एकपदरी पुलांची. ज्याची मोटार पुलाच्या अधिक जवळ, त्याने आधी जावे, असा तेथील रिवाज आहे. तथापि वेग आधीच कमी केला नसेल, तर या रिवाजाचा उपयोग होत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नूप्सवोत्न नदीवरील अशाच पुलाचा कठडा तोडून एक भाड्याची जीप खाली कोसळली. ब्रिटनहून आलेल्या भारतीय वंशाच्या पर्यटकांपैकी तिघांना त्यात प्राण गमवावे लागले.

वेगमर्यादा वस्तीत ताशी ५०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि डांबरी रस्त्यावर ९० किलोमीटर आहे. डांबर संपून खडी सुरू होते त्या ठिकाणी अनेक गाड्या घसरतात. दिवसाही दिवे लावणे बंधनकारक आहे. अंतर्भागातील 'एफ' अक्षराचे डोंगरी रस्ते साधारणतः उन्हाळ्यातच खुले होतात व तेथे चारही चाकांना गती देणारे वाहन लागते. वाटेतील नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरले, तर ते नुकसान सहसा विम्यात बसत नाही. वादळी वाऱ्याने दार उखडले तरी बहुधा तोच अनुभव येतो. म्हणून करारातील बारीक अक्षरे किल्ली घेण्यापूर्वीच वाचावीत आणि दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे.

रस्ता सोडून गाडी हाकणे हा येथे गुन्हा आहे. चाकाखाली चिरडलेले शेवाळ पुन्हा वाढण्यास कित्येक दशके लागतात.

वेळापत्रकही ऋतूनुसार आखावे. जूनमध्ये रात्रीही उजेड असल्याने थकवा जाणवत नाही आणि चालकाला झोप लागण्याचा धोका वाढतो; डिसेंबरात जेमतेम चार-पाच तास उजेड मिळतो. संपूर्ण वर्तुळासाठी आठ-दहा दिवस हाताशी असावेत. रोज सकाळी हवामान व रस्त्यांची स्थिती पाहावी आणि रस्ता बंद असल्यास मुक्काम वाढवावा. तेवढी सवड नसेल, तर वर्तुळाचा हट्ट सोडून केवळ दक्षिण किनारा पाहणे अधिक शहाणपणाचे.