टिनिटस : कान वाजतात तेव्हा मोजायचं काय?

संशोधनाची तयारी करताना आपला बराचसा वेळ 'विषय कोणता घेऊ' यातच जातो. खरी अडचण पुढे येते, ती म्हणजे त्या विषयात नेमकं मोजायचं काय? आज असा एक त्रास समजून घेऊ, जिथे या प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाला काय सांगितलं जातं हेच बदलतं.

बाहेर आवाज नसताना कानात शिट्टी, गुणगुण किंवा रातकिड्यांसारखी किरकिर ऐकू येणं म्हणजे टिनिटस. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हटलंय. 'तुझे कान वाजतायत' असं आपण चेष्टेत म्हणतो, पण या माणसाला भास होत नसतो. त्याला आवाज खरोखरच ऐकू येतो. फक्त बहुतेक वेळा तो दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही आणि यंत्रालाही पकडता येत नाही.

आवाज येतो कुठून?

आतल्या कानात, कॉक्लियामध्ये, साधारण 15 हजार हेअर सेल असतात. वय किंवा मोठा आवाज यांमुळे त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूकडे जाणारा संदेश कमी पडतो आणि मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो, असं एक महत्त्वाचं गृहीतक आहे. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसताना आवाज वाढवला की खरखरच वाढते, तसं काहीसं.

या विचाराला आधार काय? श्रवणनसेवरची गाठ काढताना ती नस कापावी लागलेल्या अनेक रुग्णांमध्ये टिनिटस नंतरही राहिला. म्हणजे सुरुवात कानात झाली तरी पुढे आवाज टिकवण्यात मेंदूचा हात असतो.

आवाज वेगळा, त्रास वेगळा

1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी कानाची तक्रार नसलेल्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि जे ऐकू येईल ते नोंदवायला सांगितलं. 94 टक्के लोकांनी काही ना काही आवाज नोंदवला! (इथे थांबून विचार करा : 'ऐकू येईल ते लिहा' या सूचनेमुळेच लोक आवाज शोधू लागले असतील का?)

दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णाला यंत्रावर त्याच्या टिनिटसएवढा आवाज जुळवायला सांगितला, तर तो बहुधा ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा थोडेच डेसिबल वर निघतो. तरीही एकाची झोप उडते, तर दुसरा दिवसभर विसरून जातो. यास्ट्रेबॉफ यांनी 1990 मध्ये मांडलेल्या मॉडेलनुसार फरक पडतो तो लक्ष आणि भीती यांमुळे. मेंदूने आवाजाला 'धोका' ठरवलं की तो मागे पडत नाही.

म्हणूनच त्रास मोजायला वेगळी साधनं आहेत. 1996 ची 'टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी' ही त्यातली एक : 25 प्रश्न, 0 ते 100 गुण.

आता गंमत बघा. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीवरच्या 2010 च्या कॉक्रेन आढाव्यात आवाजाच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नाही, पण जीवनमान सुधारलेलं दिसलं. 2020 च्या आढाव्यातही (28 अभ्यास, 2733 सहभागी) या थेरपीने टिनिटसचा जगण्यावरचा परिणाम कमी होऊ शकतो असंच निघालं. फक्त तीव्रता मोजली, तर निष्कर्ष निघतो 'इलाज नाही'. आणि हेच वाक्य ऐकून कितीतरी रुग्ण उपचार सोडून घरी बसतात.

पण उलटी चूकही नको. यास्ट्रेबॉफ यांच्या मॉडेलवर आधारलेल्या रीट्रेनिंग थेरपीची अमेरिकी लष्करी रुग्णालयांत 151 जणांवर चाचणी झाली. ती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. थेरपी घेतलेल्यांना बरं वाटलं, पण नेहमीचे उपचार घेतलेल्यांनाही जवळपास तेवढंच बरं वाटलं. तुलनेचा गट नसता, तर सगळं श्रेय थेरपीला गेलं असतं.

मग करायचं काय?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओग्राम काढावा. ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्राने टिनिटसचाही त्रास बऱ्याचदा कमी होतो. रात्री अगदी शांततेत झोपण्याऐवजी पंखा किंवा हळू संगीत चालू ठेवावं. हेडफोनचा आवाज कमी ठेवावा. जिंको किंवा झिंकच्या गोळ्यांची शिफारस करू नये, असं 2014 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर तपासणी लांबवू नका. अचानक ऐकू येणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता तुमचा सिनॉप्सिस उघडा आणि तीन ओळी लिहून बघा : मी काय मोजणार आहे, ज्याच्यासाठी हे संशोधन आहे त्याला तेच हवंय का, आणि माझा तुलनेचा गट कोणता? तिसरी ओळ अडली, तर गाईडकडे जाण्याआधी तिच्यावरच एक दिवस घालवा.