प्लेटा किती, दिवस किती

सकाळी ६.४५
नगर रोडवर कंपन्यांच्या बस लागल्यात. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा, डोळ्यांत अर्धी झोप. कोरेगाव भीमाच्या चौकात ती स्कूटरवर थांबली आहे. दोन ट्रेलरच्या मधून वाट मिळायची आहे. पाठीवर सॅक. तिच्यात २२ हजारांना घेतलेला जुना लॅपटॉप आणि दोनशे पानी वही. आत्ताच शंभराचं पेट्रोल टाकलं.

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झाली. सकाळी शिक्रापुरात क्लासवर शिकवते, महिना नऊ हजार. उरलेल्या दिवसात बाहेरची कामं. सध्या गावातल्याच एका सेंट्रिंगच्या गोडाऊनचा हिशेब कॉम्प्युटरवर आणायचं काम घेतलंय. १८ हजारांत ठरलं, सहा-सहाच्या तीन हप्त्यांत. पहिला मिळाला.

७.३०
फळ्यावर तीन चौकोन. सिनेमा, प्रत, भाडं. डेटाबेस शिकवायचा तर व्हिडिओ लायब्ररीचं उदाहरण ठरलेलं. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरसोबत सरावासाठी मिळणारा ‘साकिला’ नावाचा डेटाबेससुद्धा डीव्हीडीच्या दुकानाचाच. त्यात सिनेमे १,०००, प्रती ४,५८१ आणि भाड्याच्या नोंदी १६,०४४.

“सिनेमा एक, डिस्क चार. गिऱ्हाइकानं काय नेलं, सिनेमा की डिस्क?”
“डिस्क.”
“मग भाड्याच्या नोंदीत कुणाचा नंबर?”
“डिस्कचा.”

सिनेमाचं नाव एकदाच लिहायचं, बाकी ठिकाणी त्याचा नंबर. माहिती टेबलांत ठेवायची आणि टेबलं एकमेकांना अशी नंबरांनी ओळखतील, हे आय.बी.एम.मधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलं. मागच्या बाकावरचा एकजण विचारतो, “मॅडम, सिनेमा भाड्यानं का न्यायचे?” वर्गात कुणीच कॅसेट हातात धरलेली नाही. ती सांगते, “सिनेमा सोड, सेंट्रिंगच्या प्लेटा धर.” ते लगेच कळतं. निम्म्यांच्या घरावर एकदा तरी स्लॅब टाकलाय.

१०.१५
गोडाऊन. पत्र्याची शेड, पुढं मोकळी जागा. तीन बाय दोनच्या लोखंडी प्लेटांच्या थप्प्या. एकेक प्लेट वीस किलोच्या आसपास. पलीकडे जॅक, चॅनेल, कॉलमचे बॉक्स. कोपऱ्यात दोन मिक्सर, एक व्हायब्रेटर. दोन हमाल पत्र्याच्या तुकड्यानं प्लेटांवरचं वाळलेलं काँक्रीट खरवडतायत. मग तारेचा ब्रश, मग गॅरेजातून आणलेलं जळकं ऑइल. कोपरापर्यंत हात काळे. रोज सातशे. चहा मालकाचा.

मालक पासष्टीचे. सगळे त्यांना काका म्हणतात. हिशेब तीन डायऱ्यांत आणि उरलेला डोक्यात. प्लेटेला दिवसाला दीड रुपया, जॅकला सव्वा. डिपॉझिट माणूस बघून.

१०.४०
लाइट गेली. गुरुवार आहे, दुरुस्तीचा दिवस, जाणारच. लॅपटॉपची बॅटरी तासभर पुरते. ती वही उघडते. टेबलं तशीही आधी कागदावरच काढायची असतात.

पहिला चौकोन पार्टीचा. ‘नाव’ लिहिते तोच काका थांबवतात. “ताई, नावावर जाऊ नको. या गावात एका आडनावाची दहा घरं, त्यातले दोघं एकाच नावाचे.” मग फोन नंबर? “सिम बदलतात.” ती प्रत्येक पार्टीला आपलाच एक नंबर देते. तो कधी बदलणार नाही आणि दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.

दुसरा चौकोन साइटचा. का, तर एका ठेकेदाराची एक साइट वढूला, एक लोणीकंदला. मागं एकदा वढूच्या प्लेटा लोणीकंदच्या घरमालकाच्या बिलात गेल्या. महिनाभर बोलणं बंद होतं.

तिसरा मालाचा. इथं ती पेन थांबवते. डिस्कला नंबर असतो, प्लेटेला नाही. शंभर नेल्या आणि शंभर आल्या की झालं, कोणती कुठली हे कुणी विचारत नाही. पण मिक्सरचं तसं नाही. काका म्हणतात, “एक नंबरचा दोरी ओढली की चालू होतो, दोन नंबरचा रडतो. कुणी बिघडवला ते कळायला पाहिजे.” म्हणून माल दोन जातींचा. मोजायचा वेगळा, नावानिशी ओळखायचा वेगळा.

दर कुठं लिहायचा? मालाच्या टेबलात आजचा, आणि जावक चलनाच्या प्रत्येक ओळीत त्या दिवशी ठरलेला. दिवाळीनंतर दर वाढवला तरी जुनी बिलं हलता कामा नयेत. काकांना हे समजावून सांगावं लागत नाही. अशाच एका भांडणाचं पान तेच डायरीत काढून दाखवतात. वहीतला जवळजवळ प्रत्येक रकाना असाच कुठल्या तरी जुन्या भांडणातून आलाय.

१.१५
डबा. मेथी, भाकरी, काकांच्या घरचा ठेचा. हमाल थप्पीच्या सावलीला आडवे झालेत.

काका आधी व्हिडिओच्या धंद्यात होते. कलर टीव्ही, व्हीसीपी आणि तीन कॅसेटी, एका रात्रीसाठी. पूजा असली, बारसं असलं की सांगावा यायचा. डिपॉझिट म्हणून रेशनकार्ड ठेवून घ्यायचे. “कॅसेटीवर नंबर टाकायचो मी. एकाच पिक्चरच्या तीन असायच्या. एकीची टेप गुंतली, तर नेमकी कुणाच्या घरात गुंतली ते सापडायचं.” केबल आली, धंदा बसला. मशीन विकून पहिल्या प्लेटा घेतल्या.

ती हसते. सकाळी फळ्यावर जे काढलं, ते हा माणूस तेव्हापासून डायरीत करतोय.

३.३०
पिकअप आली. वढू रस्त्याच्या साइटवरचा माल. ठेकेदार पुढं बसलेला, पायात सिमेंटनं पांढरे झालेले बूट. तीन तारखेला १५० प्लेटा गेल्या होत्या. तेरा तारखेला ११० आल्या. आज अठरा, उरलेल्या ४० आणल्यात. हमाल दोन-दोन उचलतात, आपटतात, मोजतात. प्रत्येक वेळी शेडचा पत्रा थरथरतो.

“अडतीस... थांबा. या दोन आपल्या नाहीत.”

काकांच्या प्लेटांच्या कडेला लाल पट्टा. या दोन्हींना निळा. एका स्लॅबवर दोन गोडाऊनचा माल लागला की असं होतं. काका शिव्या देत नाहीत. “राहू दे. त्या निळ्यावाल्याकडं आपल्या गेल्या असतील.”

तिच्या वहीत याला जागा नव्हती. चाळीस आल्या लिहिलं तर दोन प्लेटा कायमच्या गेल्या. अडतीस लिहिलं तर या दोन कुणाच्या, ते उद्या कुणालाच आठवणार नाही. ती आवकच्या चौकोनात एक रकाना वाढवते: परक्या. त्या शेडमध्ये राहतील, पण पार्टीच्या बाकीतून वजा होणार नाहीत.

४.००
आता बिल. काकांच्या पुतण्यानं सकाळीच काढून ठेवलंय. १५० प्लेटा, पंधरा दिवस, दीड रुपया. ३,३७५.

ठेकेदार म्हणतो, “अर्ध्याच्या वर माल तेराला टाकला की! अडीच हजारांच्या फार वर जात नाही.”

लाइट आली आहे. ती लॅपटॉप लावते. जावकची नोंद एक, आवकच्या दोन. परतीची तारीख तिनं जावकच्या ओळीत ठेवलेलीच नाही, कारण माल एका दिवशी परत येत नाही. नेल्याचा दिवस धरायचा, आणल्याचा नाही, हे काकांनी आधीच ठरवून दिलंय. ११० प्लेटा दहा दिवस, म्हणजे १,६५०. अडतीस प्लेटा पंधरा दिवस, ८५५. न आलेल्या दोन, आजपर्यंतचे ४५. एकूण २,५५०.

पुतण्या स्क्रीनकडं बघतो, मग आपल्या कागदाकडं. काका कागद घेऊन घडी घालतात. ठेकेदार मान डोलावतो, पण लगेच डिपॉझिटवर येतो. पाच हजार ठेवलेत, भाडं कापून बाकीचे द्या.

“दोन लाल प्लेटा आण, त्याच दिवशी घेऊन जा.”
“माझ्या माणसांचे पैसे द्यायचेत, काका.”
“हजार घेऊन जा.”

हजार जातात. ती जमा-खर्चाच्या टेबलात ओळ टाकते: डिपॉझिट परत, १,०००. दोन प्लेटांचं भाडं चालूच राहतं. दिवसाला तीन रुपये.

६.३०
हमाल हात धुतायत. आधी रॉकेल, मग साबण, तरी नखांत काळं राहतं. ती काकांना एक यादी दाखवते. कोणत्या साइटवर किती माल, किती दिवसांपासून. डायरीतून आतापर्यंत भरलेल्या अकरा पार्ट्या. एका नावावर काकांचं बोट थांबतं. ६० जॅक, ९४ दिवस. स्लॅबखाली टेकू म्हणून लावलेले जॅक मोठ्या गाळ्यालाही साधारण दोन आठवड्यांत निघतात. “म्हणजे ह्यानं माझे जॅक दुसऱ्या साइटला फिरवले,” काका म्हणतात आणि फोन लावतात. पलीकडून कुणी उचलत नाही.

७.१५
पेनड्राइव्हवर बॅकअप. एक काकांच्या ड्रॉवरमध्ये, एक तिच्या सॅकमध्ये. दुसऱ्या हप्त्याचं ती स्वतःच काढते. काका चार हजार मोजतात. “दोन पुढच्या आठवड्यात.”

“आणि काका, मोजणी करावी लागेल. शेडमध्ये एकूण किती प्लेटा, ते एकदा पक्कं पाहिजे. त्याशिवाय बाहेर किती, ते खरं येणार नाही.”

“दोन हमाल, दिवसभर. चौदाशे रुपये नुसते मोजायला?”

ती उत्तर देत नाही, साठ जॅकांच्या ओळीवर बोट ठेवते. साठ जॅक, सव्वा रुपया, ९४ दिवस. ७,०५०.

काका हमालांना हाक मारतात. “उद्या खरवडायचं नाही रे. उद्या मोजायचं.”