कोणत्या कामाला कोणती मोटर?

मुलांनो, ऊसतोडणीच्या दिवसांत मॉरिशसच्या रस्त्यांवर उसाने भरलेली लॉरी चढ चढताना तुम्ही पाहिली असेल. ती किती हळू जाते! पण तिच्यात जोर केवढा असतो! तशी पुठ्ठ्याची लॉरी करायची, तर तिला मोटर कोणती लावावी?

मोडक्या खेळण्यात लहानशी मोटर सापडते. ती बहुधा १.५ व्होल्टच्या दोन सेलांवर, म्हणजे ३ व्होल्टवर चालते. ती फार वेगाने फिरते, पण तिच्यात जोर थोडा. कागदाच्या पंख्याला ती उत्तम. तीच लॉरीच्या चाकाला सरळ जोडली, तर भरलेली लॉरी जागची हलत नाही. अडलेल्या मोटरीतून जास्त वीज वाहते व ती तापते. अशा वेळी लगेच तार काढावी, नाहीतर मोटर जळते.

मग काय करावे? मोटरीच्या दांड्याला १० दातांचे चाक लावा आणि लॉरीच्या आसाला ५० दातांचे. लहान चाक पाच वेळा फिरते तेव्हा मोठे एकदाच फिरते. वेग पाचपट कमी होतो, जोर मात्र जवळजवळ पाचपट वाढतो. चढ मोठा असेल, तर अशी आणखी एक जोडी लावा. दातेरी चाके बसवलेली तयार मोटरही मिळते. लॉरीसाठी तीच बरी.

मोटरीवर लिहिलेले व्होल्ट आधी वाचा. घरातल्या भिंतीवरची वीज २३० व्होल्टची असते. तिला मोटर कधीही जोडू नका, जीव जाईल.

आणि लॉरी उलटी धावू लागली, तर? मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल करा.