एकाच आकड्यावरची दोन गावं

बंगळुरूच्या जयनगरात रेडिओ ९०.४ मेगाहर्ट्झवर लावा, ‘रेडिओ अ‍ॅक्टिव्ह’ हे सामुदायिक केंद्र ऐकू येतं. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला हाच आकडा लावा, तिथे ‘माणदेशी तरंग’ बोलत असतं. आकडा एकच, पण एकाचा शब्दही दुसऱ्यात मिसळत नाही!

ही किमया मुख्यतः लहरींच्या लांबीची. आकाशवाणी बंगळुरूची ६१२ किलोहर्ट्झची मध्यम लहर सुमारे ४९० मीटर लांब. ती जमिनीचा आधार धरून, चढउतारांना वळसे घालत दूर पोचते. ९०.४ ची लहर मात्र जेमतेम ३.३ मीटरची. ती जवळपास सरळ रेषेत धावते आणि क्षितिजापलीकडे फारशी उतरत नाही. शिवाय सामुदायिक केंद्रांच्या प्रक्षेपणाला साधारण १०० वॉटची मर्यादा, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी! त्यामुळे आवाका दहा-पंधरा किलोमीटरचा. त्यातूनही एकाच आकड्यावरची दोन केंद्रं कुठे एकत्र पोचलीच, तर एफएमचा संच त्यातलं जोरकस तेवढं धरतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो.

आता या इवल्याशा लहरीवर काय बोलायचं? बोलणाऱ्या, म्हणजे गाण्यांऐवजी बातम्या, गप्पा आणि समालोचन देणाऱ्या रेडिओचा पाया घातला तो मोठ्या कंपन्यांनी. अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीच्या केडीकेए केंद्राने २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गहून अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले. पुढच्याच वर्षी मुष्टियुद्धाचं आणि बेसबॉलचं धावतं वर्णन केलं. १९६० मध्ये सीबीएसच्या सेंट लुईस इथल्या केएमओएक्सने दुपारची गाणी बाजूला ठेवून मुलाखती आणि श्रोत्यांचे फोन सुरू केले. १९६५ मध्ये वेस्टिंगहाउसनेच न्यूयॉर्कचं विन्स केंद्र अहोरात्र बातम्यांना वाहिलं, तर १९८७ मध्ये एमिस कंपनीच्या डब्ल्यूफॅनने दिवसरात्र फक्त खेळ लावला.

आपल्याकडे १९३४ मध्येच मुंबईत बॉबी तल्यारखान यांनी रेडिओवर क्रिकेटचं समालोचन केलं. पुढे बाळ ज. पंडितांनी ते मराठीत घराघरांत नेलं. पण अनेक दशकं माइक होता तो एकट्या आकाशवाणीच्या हाती. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बजावलं, आणि २००१ मध्ये ‘रेडिओ सिटी’ हे देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं, तेही याच बंगळुरूत. तरीही स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा खासगी केंद्रांना मिळाली नाही.

गंमत पुढेच आहे. खासगी एफएमसाठीच्या २०११ च्या धोरणाने वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना यांना ‘बातमी’तून वगळलं, म्हणजेच त्या सांगायला परवानगी दिली. स्थानिक सामन्यांच्या समालोचनालाही वाट ठेवली. आज पाणी येणार का, सिल्क बोर्डाच्या चौकात गाड्या किती तुंबल्यात, ही जयनगरकराची रोजची निकड या धोरणाच्या लेखी बातमीच नाही!

आता पुन्हा सामुदायिक रेडिओकडे येऊ. २००७ मध्ये जैन शिक्षणसमूहाने सुरू केलेल्या ‘रेडिओ अ‍ॅक्टिव्ह’ने याच रोजच्या जगण्यातून बोलता रेडिओ उभा केला. बंगळुरूचं हे पहिलं सामुदायिक केंद्र. इथे कचरावेचकांनी स्वतः माइक हाती घेऊन आपल्या कामाबद्दलचा कार्यक्रम चालवला. इथे पारलिंगी व्यक्तीनेही निवेदन केलं. ओला आणि सुका कचरा वेगळा का करायचा, हे पुस्तकातून शिकलेला तज्ज्ञ सांगतो तेव्हा तो सल्ला असतो. रोज त्या कचऱ्यात हात घालणारा माणूस सांगतो, तेव्हा फुटकी काच कागदात न गुंडाळता टाकली तर कुणाचं बोट कापतं, हे ऐकणाऱ्याला नीट समजतं.

म्हणूनच दहा-पंधरा किलोमीटरची ती मर्यादा मला या माध्यमाची सगळ्यात मोठी ताकद वाटते. एवढ्या टापूत बोलणारा आणि ऐकणारा एकाच गल्लीतले असू शकतात, आणि रेडिओवर ऐकलेल्या गोष्टीवर दुसऱ्या दिवशी दोघं मिळून काही करूही शकतात.