भुताचा शोध, गावाचा विसर

पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बेगुनकोदर नावाचे एक छोटे रेल्वे स्थानक आहे. १९६७ साली ते बंद झाले आणि २००९ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे, बंदच राहिले. रुळांवरून पांढऱ्या साडीतील एक स्त्री चालत जाते, अशी वदंता त्याच्या मुळाशी होती. आडबाजूच्या या स्थानकावरील नेमणूक टाळण्यासाठी कर्मचाऱ्यांनीच ही कथा पसरवली असावी, असे मत ज्येष्ठ खासदार बासुदेव आचार्य यांनी पुढे व्यक्त केले. खरे कारण काहीही असो, किंमत मोजली ती आसपासच्या गावांनी. दवाखाना, बाजार, महाविद्यालय यांसाठी लागणारी गाडी दोन पिढ्या त्यांच्या दारावरून न थांबता निघून गेली.

‘झपाटलेल्या’ जागांचा हौशी शोध हा आज देशभर पसरलेला छंद आहे. शनिवार-रविवारी तरुणांची पथके कॅमेरे, ध्वनिमुद्रक आणि निरनिराळे मीटर घेऊन पडक्या वाड्यांत, बंद गिरण्यांत, जुन्या बावड्यांत रात्र काढतात. या मंडळींना सरसकट अंधश्रद्ध ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांच्यातले अनेक जण स्वतःला संशयवादी म्हणवतात, आणि ऐकीव गोष्टीवर विसंबण्यापेक्षा प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची त्यांची वृत्ती चांगलीच आहे. राज्यघटनेच्या ‘५१ अ’ या अनुच्छेदाने वैज्ञानिक दृष्टिकोनाबरोबर शोधक बुद्धीची जोपासना हेही नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. आक्षेप आहे तो त्यांच्या पद्धतीवर, आणि त्याहून अधिक त्यांनी निवडलेल्या प्रश्नावर.

आधी पद्धत पाहू. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर घरातील तारा आणि उपकरणे तपासण्यासाठी बनवलेला असतो. सदोष वायरिंग किंवा खिशातला मोबाइलही त्याचा काटा हलवतो. अवरक्त तापमापक भिंतीच्या पृष्ठभागाचे तापमान सांगतो, खोलीतल्या हवेचे नव्हे. छायाचित्रांत तरंगणारे ‘प्रकाशगोल’ बहुधा फ्लॅशच्या उजेडात चमकलेले धूलिकण असतात. रेडिओच्या खरखरीत शब्द ऐकू येतात, कारण अस्पष्ट ध्वनीतून अर्थ काढण्याची सवय मेंदूला जडलेली असते. विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याने आपल्या प्रयोगशाळेतील ‘भुता’चा माग काढला, तेव्हा तो एका पंख्यापाशी पोहोचला. कानांना ऐकू न येणारी, सुमारे १९ हर्ट्झची कंपने तो पंखा निर्माण करत होता. टँडीचा निष्कर्ष सर्व ठिकाणी लागू पडेलच असे नाही, पण त्याची रीत अनुकरणीय आहे. त्याने कारण शोधले, ते दूर केले आणि अनुभव थांबतो का ते पाहिले. आपल्याकडील बहुतेक पथके पहिल्या पायरीवर, म्हणजे काटा हलला या नोंदीवर, थांबतात.

आता प्रश्नाकडे वळू. जैसलमेरजवळचे कुलधरा हे गाव हौशी शोधकांचे तीर्थक्षेत्र झाले आहे. ‘इंडियन पॅरानॉर्मल सोसायटी’च्या पथकानेही तेथे रात्र काढली होती. दिवाण सालिमसिंगाच्या छळाला कंटाळून पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत गाव सोडले आणि जाताना शाप दिला, ही कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. परंतु १८९० च्या सुमाराच्या नोंदीनुसार त्या गावात ३७ माणसे राहत होती. एका रात्रीत रिकाम्या झालेल्या गावात दिवाणाच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी माणसे कशी सापडतात? अभ्यासकांनी आटलेले पाणी, जाचक कर आणि भूकंप अशा शक्यता मांडल्या आहेत. पालीवालांनी वाळवंटात खडीन पद्धतीने पावसाचे पाणी अडवून गहू पिकवला होता. अशी कर्तबगार वस्ती का विरत गेली, हा प्रश्न पाणी आणि करव्यवस्था यांचा आहे, आणि राजस्थानात तो आजही शिळा झालेला नाही. शाप एकदा मान्य केला की त्याचे उत्तर शोधण्याची गरजच उरत नाही.

अलवर जिल्ह्यातील भानगडची गोष्टही अशीच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी प्रवेशास मनाई करणारा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा फलक हा तेथील भुताचा सरकारी पुरावा म्हणून दाखवला जातो. फलकावर भुताचा उल्लेख नाही. संरक्षित स्मारके सूर्योदय ते सूर्यास्त खुली ठेवण्याचा सर्वसाधारण नियम १९५९ पासून आहे. भानगड तर सरिस्काच्या जंगलाला लागून आहे, त्यामुळे तेथे रात्री माणसाने न फिरणेच इष्ट. नियम मोडून कुंपण ओलांडणारे शोधक स्वतःचा जीव आणि शतकांपूर्वीच्या भिंती असे दोन्ही धोक्यात घालतात.

हे सारे निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देता आले असते. पण भूत जागेला चिकटले की गाव बदनाम होते, आणि माणसाला चिकटले की जीव जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग खुनांच्या हेतूंमध्ये जादूटोण्याची आजही वेगळी नोंद ठेवतो. डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ करण्याविरुद्ध बिहारने १९९९ मध्ये आणि भानगड-कुलधरा ज्या राज्यात आहेत त्या राजस्थानने २०१५ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आला. संपूर्ण देशासाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा मात्र नाही. अशा समाजात ‘यंत्राने अस्तित्व टिपले’ हे वाक्य शहरी प्रेक्षकाला थरार देते. खेड्यात ते एखाद्या एकट्या विधवेवरील संशयाला विज्ञानाचा शिक्का देऊ शकते.

म्हणून या छंदावर बंदी घालावी असे नाही. त्याला शिस्त हवी. संरक्षित वास्तूत रात्रीच्या तपासाला परवानगी द्यायचीच असेल, तर ती लेखी असावी, आणि सोबत वास्तूची काळजी घेण्याचे हमीपत्र असावे. पथकांनी ‘काही आढळले नाही’ हा निष्कर्षही तितक्याच ठळकपणे जाहीर करावा. खासगी घर किंवा जिवंत व्यक्ती यांच्याविषयी कोणताही दावा करू नये. पर्यटन खात्यांनीही शापाच्या कथेवर तिकिटे विकताना शेजारी इतिहासाचा एक फलक लावण्याचे सौजन्य दाखवावे.

बेगुनकोदरला डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिमबंग विज्ञान मंचाच्या कार्यकर्त्यांनी एक रात्र काढली. त्यांना भूत भेटले नाही. झुडपांआडून आवाज काढून घाबरवू पाहणारी काही माणसे मात्र आढळली, असे त्यांनी सांगितले. जी तपासणी एका रात्रीत झाली, ती १९६७ साली कोणी केली असती, तर त्या गावांची ४२ वर्षे वाचली असती.